होयाला कळी आली (आणि मी ती छाटणारच होते)

वेलबुट्टी
सकाळी कात्री घेऊन खिडकीतल्या कुंड्यांची हजामत चालली होती. होयाच्या वेलीवर एक बोटभर दांडा गेले आठ महिने नुसताच उभा होता. त्याला पान फुटेना, फांदीही फुटेना. वाळका असेल म्हणून कात्री लावणार, तेवढ्यात टोकाला काहीतरी खरखरीत दिसलं. चष्मा शोधून आणला. टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचा गठ्ठा! मोजल्या, १९ निघाल्या.

होयांमधली कार्नोसा जात आहे, साधी हिरव्या पानांची. वीतभर कटिंग लावलं होतं त्याला पाच वर्षं झाली. घरच्यांनी तिचं नाव 'प्लास्टिकची वेल' ठेवलंय, कारण पानं तशीच दिसतात आणि वर्षभरात फरकही तेवढाच पडतो. आता पुढे काय करायचं ते सांगा. पाणी वाढवू? खत घालू? हात थरथरतायत.

खिडकीवाला
अभिनंदन! आता काहीच करू नका. कुंडी हलवू नका, फिरवू नका. 'या बाजूनं उजेड बरा येतो' म्हणून फोटोसाठीसुद्धा उचलू नका. कळ्या धरल्यावर जागा बदलली की होया रुसते आणि अख्खा गुच्छ टाकून देते.

वेलबुट्टी
मघाशीच फोटोसाठी गच्चीत नेऊन आणली. आता?

खिडकीवाला
आता होती त्याच जागी, तेच तोंड करून ठेवा आणि विसरा.

कातरवेळ
खिडकीवाले घाबरवतायत, पण मुद्दा बरोबर आहे. मातीचा गोळा अगदी कोरडा पडला तरी कळ्या गळतात, अचानक गार वारा लागला तरी गळतात. नेहमीचं पाणी चालू द्या. एरवी दोन पाण्यांमध्ये कुंडी पूर्ण सुकवत असाल, तर तेवढी सुकवू नका. खत नको.

त्या दांड्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण होयाप्रेमींपैकी निम्म्यांनी तो कधी ना कधी छाटलेला असतो (मी दोनदा). त्याला पेडंकल म्हणतात. बहुतेक झाडांचा फुलोरा संपला की दांडा वाळून जातो. होयाचा तसाच राहतो आणि पुढच्या बहराला त्याच टोकातून नव्या कळ्या येतात. दर बहरात तो जरासा लांबतो आणि गळलेल्या फुलांच्या देठांचे वण अंगावर ठेवून देतो. माझ्या जुन्या कार्नोसाचा एक दांडा या वणांमुळे हुबेहूब सुरवंट दिसतो. पाहुणे विचारतात, कीड लागलीय का? छाटला तर वेल मरत नाही, फक्त नवा दांडा तयार होईपर्यंत तुम्ही पुन्हा रांगेत. बेला आणि लिनिॲरिस या होयाच्या जाती अपवाद, त्यांचे दांडे फुलांबरोबरच जातात.

दुसरी हमखास छाटली जाणारी गोष्ट म्हणजे तो लांबलचक बिनपानांचा चाबूक. वेल आधी दोरी फेकते, आधार चाचपते आणि पानं मागाहून भरते. 'किती भुंडी वाढलीय' म्हणून तो कापला की तिची सगळी मेहनत फुकट. शिवाय दांडे पुष्कळदा याच नव्या वाढीवर येतात.

वेलबुट्टी
अरे देवा. मी दर वर्षी 'झुडूप भरगच्च व्हावं' म्हणून ते चाबूक छाटत आले. पाच वर्षं का लागली ते कळलं.

कातरवेळ
तेही कारण. पण त्याआधी सांगा, ही वेल पहिल्यापासून याच खिडकीत आहे का?

वेलबुट्टी
नाही. चार वर्षं बैठकीच्या कोपऱ्यात पुस्तकांच्या कपाटावर होती. रंग दिला तेव्हा हलवली आणि इथेच राहिली.

कातरवेळ
मिळालं उत्तर. होया कमी उजेडात मरत नाही म्हणून लोकांना वाटतं तिला कमी उजेड आवडतो. नुसतं जगणं आणि फुलणं यात फरक आहे. कोवळं ऊन सकाळी तास-दोन तास मिळालं आणि उरलेला दिवस लख्ख उजेड असला की ती फुलायचं मनावर घेते. दुपारचं थेट ऊन नको, पानं पिवळट पडून करपतात.

माती_आणि_मी
उजेडाचं मान्य, पण कुंडीचंही बोला. होयाला मोठी कुंडी आवडत नाही. मुळांनी कुंडी ठासून भरल्याशिवाय ती फुलत नाही. माझा अनुभव.

खिडकीवाला
हे नेहमी ऐकतो आणि मला ते अर्धवट वाटतं. मोठ्या कुंडीत मुळं कमी आणि ओली माती जास्त, म्हणून मुळं कुजतात. नुकसान तिथे होतं. मिश्रण मोकळं असेल तर प्रशस्त कुंडीतही फुलते, माझी पुबिकॅलिक्स (होयाचीच एक जात) फुललीय.

माती_आणि_मी
तुमची एक फुलली, माझ्या सात फुलल्या.

खिडकीवाला
तुमच्या साती दक्षिणेकडच्या खिडकीत आहेत. मागच्या महिन्यात तुम्हीच फोटो टाकला होता.

माती_आणि_मी
बरं बरं. मिश्रणाबद्दल तरी भांडू नका, नवीन लोकांसाठी लिहिते.

रानात होया जमिनीत क्वचितच असते. दुसऱ्या झाडाच्या खोडावर, सालीच्या खाचेत, शेवाळात मुळं रोवून राहते. बांडगूळ नव्हे हं, यजमानाचं काही खात नाही, फक्त टेकू घेते. पाऊस आला की मुळं भिजतात आणि तासाभरात वाऱ्यानं सुकतात. तिला बागेतल्या काळ्या चिकट मातीत कोंबलं तर गुदमरणारच. मी सालीचे तुकडे, परलाइट (हलके पांढरे खडे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारखे घेते, वर मूठभर कोळशाचे खडे. पाणी घातल्यावर काही सेकंदांत तळातून वाहायला हवं. वरच तळं साचलं तर मिश्रण बदला.

पाणी कधी द्यायचं याला वार ठरवू नका. एक जुनं, पिकलेलं पान दोन बोटांत धरून अलगद दुमडा. ताठ असेल तर थांबा, मऊ पडून वाकलं तर पाणी द्या. ही युक्ती जाड पानांच्या होयांसाठी. लिनिॲरिससारख्या बारीक पानांच्या वेलीवर करू नका, ती इतकी कोरडी व्हायच्या आधीच रागावते.

आणि सुरकुतलेली पानं दिसली की लगेच पाण्याचा तांब्या उचलू नका! मुळं कुजली तरी पानं तशीच सुरकुततात, कारण प्यायला मुळंच उरलेली नसतात. आधी बोट घालून मिश्रण ओलं की सुकं ते बघा. मी पहिल्या दोन होया अशाच बुडवून मारल्या. 'बिचारी तहानलीय' म्हणून रोज पाणी.

कातरवेळ
कार्नोसा इतका वेळ तहान का काढू शकते, तेही मजेशीर आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. ही निवडुंगासारखी रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते आणि दिवसा दारं बंद करून उजेडात काम उरकते. त्यामुळे पाणी उडून जात नाही.

नुसती_वाचक
इतके दिवस फक्त वाचत होते, आज खाते उघडलं. माझ्याकडे बदामाच्या आकाराचं एकच पान असलेली होया आहे, भेट आली होती. तीन वर्षं झाली. पान टवटवीत आहे, पण दुसरं येतच नाही. माझं काय चुकतंय?

पसारा
ये गं बाई, गळ्यात पड. तुझं काही चुकत नाहीये. तुझी फसवणूक झालीय आणि ती माझीही झाली होती.

ती होया केरी. थायलंडमधल्या वनस्पती गोळा करणाऱ्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरच्या नावावरून. तिचं एकेक पान तोडून देठाकडून मातीत खोचतात. पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवं राहतं, पण नवी वाढ फुटते ती वेलीच्या पेरावरच्या डोळ्यातून. देठासोबत पेराचा तुकडा आला नसेल तर ते पान जन्मभर एकटंच. कधीमधी कुणी पेरासकट पान लावलेलं असतं, मग आशा असते, तरी वर्ष-दोन वर्षं लागतात.

नुसती_वाचक
तीन वर्षं मी त्या पानाशी बोलतेय.

पसारा
बोल की. चांगलं ऐकतं ते. फक्त वेल हवी असेल तर दोन पेरांचं कटिंग घे.

बोरूबहाद्दर
नावांचा विषय निघालाच आहे तर माझी हौस भागवून घेतो. 'होया' ऐकून कुणाला जपानी वाटतं, कुणाला लॅटिन. दोन्ही नाही. थॉमस हॉय नावाचा इंग्रज माळी होता, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूककडे, सायन हाउसच्या बागेत मुख्य. रॉबर्ट ब्राउन यानं १८१० मध्ये ही प्रजाती वेगळी काढली आणि माळ्याचं नाव तिला दिलं. हाच ब्राउन पुढे १८२७ मध्ये पाण्यातल्या परागांमधून निघालेल्या कणांची थरथर सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला, तीच ती शाळेतली 'ब्राउनियन गती'. त्याआधी कार्नोसाची गणना ॲस्क्लेपियसमध्ये होती, म्हणजे आपल्या रुईच्या भाऊबंदांत. कार्नोसा म्हणजे मांसल, पानांवरून. ड्यूकची बाग असूनही नाव माळ्याचं लागलं, हे मला फार आवडतं.

माती_आणि_मी
रुईचं नातं तर पदोपदी दिसतं. पान तोडलं की दुधासारखा चीक. फुलाचा तो मेणाचा पंचकोनी तारा. शेंग फुटली की रेशमी म्हाताऱ्या उडतात. एवढंच नाही, रुईवर येतो तो पिवळाधमक मावासुद्धा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर येतो. वेलबुट्टी, कळ्यांवर लक्ष ठेवा. दिसलाच तर बोटानं पुसून काढा, फवारे मारत बसू नका.

वेलबुट्टी
आता रोज चष्मा लावून मावा शोधणार. पसारा, तुमच्याकडे किती होया आहेत?

पसारा
हा प्रश्न माझ्या नवऱ्यासमोर विचारायचा नाही.

६३. त्यातल्या तीन एकच निघाल्या. ऐका. पुबिकॅलिक्स ही मूळची फिलिपिन्सची, लांब पानं, त्यावर रुपेरी शिंतोडे, कोवळी वाढ तांबूस. तिचे जोपासलेले प्रकार पुष्कळ, गुलाबीपासून जवळजवळ काळ्या फुलांपर्यंत. मी तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून तीन भारदस्त नावांची कटिंगं घेतली. चार वर्षांनी तिन्ही फुलली, एकाच आठवड्यात, एकाच रंगाची. पानांवरून ओळखायला गेलात तर असं होतं. उजेड बदलला की शिंतोडे कमी-जास्त होतात आणि पानाचा आकारही बदलतो. आता मी लेबलवर नावापुढे प्रश्नचिन्ह टाकते आणि फूल आल्यावरच ते खोडते.

सुरुवातीला मलाही याद्यांचं वेड होतं. पाचशेच्या पुढे जाती आहेत, हिमालयापासून आग्नेय आशियातून ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत. यादी संपणार कधी? पण खरी गंमत वेगळीच. एकाच घराण्यातली ही मंडळी एकमेकांना ओळखणार नाहीत. लिनिॲरिसची पानं सुतळीसारखी लोंबतात. कर्टिसीची पानं नखाएवढी. पॉलिन्यूराचं पान म्हणजे माशाची शेपटी, शिरांसकट. इम्पेरियलिसचं एकेक फूल तळहाताच्या निम्मं भरेल एवढं. मल्टिफ्लोरा तर वेलच वाटत नाही, झुडपासारखी उभी राहते आणि तिची फुलं वाऱ्यात मागे ओढल्यासारखी दिसतात. आणि इम्ब्रिकाटा! तिची पानं थाळीसारखी खोडाला चिकटतात आणि खालच्या पोकळीत मुंग्या घर करतात. मुंग्यांना आसरा, वेलीला त्यांच्या कचऱ्यातून खत. ही मी घरात आणलेली नाही. नवरा मुंग्यांसकट बाहेर काढेल, वेलीलाही आणि मलाही.

खिडकीवाला
क्रिमसन क्वीन आणि क्रिमसन प्रिन्सेस या रंगीत पानांच्या होयांमधला फरक कुणी सांगेल का? दर वेळी गोंधळ होतो.

पसारा
क्वीनचा पांढरा-गुलाबी रंग पानाच्या कडेला, प्रिन्सेसचा मध्यभागी. राणी काठापदराची, राजकन्या मध्ये बुट्टा, असं लक्षात ठेवा. दोघी कार्नोसाच. एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटायला लागली तर तिला मागे रंगीत पानापर्यंत छाटा, नाहीतर हिरवीच वेल पुढे निघून जाते. अगदी पांढरीफेक फांदी दिसायला सुंदर, पण तिच्यात हरितद्रव्य नसतं, ती बाकीच्या वेलीच्या जिवावर जगते. तिचं कटिंग कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

नुसती_वाचक
कटिंग नक्की कसं लावायचं? आणि होया घरातली हवा शुद्ध करते असं वाचलं, ते खरं का? आमच्याकडे मांजर आहे, तेही सांगा.

माती_आणि_मी
दोन पेरं असलेला तुकडा घे, फार कोवळा शेंडा नको. कापल्यावर चीक गळतो तो टिपून घे आणि तास-दोन तास कापलेलं टोक सुकू दे. खालच्या पेराची पानं काढ आणि ते पेर ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (कुंड्यांसाठी मिळणाऱ्या शेवाळात) ठेव, वर झाकण किंवा पारदर्शक पिशवी. उबेत महिनाभरात मुळं दिसायला हवीत. रोज उपटून बघू नकोस. चीक डोळ्यांना लावू नकोस, चुरचुरतं.

मांजराची काळजी करू नकोस, कार्नोसा कुत्र्या-मांजरांना विषारी धरत नाहीत. उलट मांजरापासून होयाला धोका. आमचा बोका लोंबत्या वेलीवर शिकार करतो.

कातरवेळ
हवेचं पूर्णपणे खोटं नाही, पण घरात उपयोगाचंही नाही. २००९ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २८ शोभेची झाडं तपासली होती. बाष्पनशील रसायनं शोषण्यात कार्नोसा वरच्या काहींत आली. मात्र झाडं काचेच्या लहान बंद बरण्यांत ठेवली होती. आपल्या खोलीला दारं-खिडक्या असतात. एका कुंडीपेक्षा उघडी खिडकी कितीतरी पटीनं जास्त काम करते. होया ठेवायची तर ती आवडते म्हणून ठेवा.

बोरूबहाद्दर
कुणाकडे ती पीळ पडलेली, दोरखंडासारखी होया आहे का? माझ्या वेलीवर पांढरा कापूस दिसतोय.

माती_आणि_मी
कॉम्पॅक्टा. पानांच्या चुण्यांमध्ये पिठ्या ढेकणांची वसाहत होते, बाहेरून दिसते तेव्हा आत चार पिढ्या झालेल्या असतात. ती कुंडी आधी बाकीच्यांपासून लांब न्या. कापसाच्या काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक चुणी पुसा, दर पाच-सहा दिवसांनी, किमान महिनाभर. संध्याकाळी नीम तेल आणि साबणाच्या पाण्याची फवारणी. कुंडीतून काढून मुळंही बघा, तिथेही लपतात. आणि यापुढे नवीन झाड आणलं की थेट जुन्यांमध्ये बसवू नका, तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. हे मी लिहितेय खरं, पण मीसुद्धा एकदाच नियम मोडला आणि सात झाडांवर महिनाभर काड्या फिरवत बसले.

वेलबुट्टी
(तीन आठवड्यांनंतर) हजेरी लावते. गच्चीची सहल भोवली. १९ पैकी आठ कळ्या पिवळ्या पडून गळल्या. ११ उरल्या आणि फुगतायत. फिकट गुलाबी, मेणाच्या चांदण्यांसारख्या, अजून मिटलेल्या. मावा नाही. मी मात्र दिवसातून सहा वेळा तिथे उभी असते.

खिडकीवाला
११ म्हणजे पहिल्या बहराला छानच. उमलतील तेव्हा रात्री बघा. वास दिवसा जेमतेम, अंधार पडला की सुटतो.

पसारा
वासाबद्दल दोन माणसांचं एकमत होत नाही. लाकुनोसा जातीच्या होयाचा वास मला दालचिनीसारखा येतो, लेकीला साबणासारखा. कार्नोसा कुणाला मधासारखी, कुणाला चॉकलेटसारखी, माझ्या सासूबाईंना डोकेदुखीसारखी. त्यांच्या खोलीबाहेर हलवावी लागली होती. अर्थात फुलं सुकल्यावर.

वेलबुट्टी
(आणखी दोन आठवड्यांनी) काल रात्री साडेनऊला लाइट गेले. मेणबत्ती शोधायला उठले तर खोलीत कसलातरी गोड, जडसर वास. आधी वाटलं कुणी उदबत्ती लावली. मग खिडकीशी गेले. ११ पैकी नऊ उमलल्या होत्या. बाहेरचा तारा लोकरीसारखा लवदार, त्यावर दुसरा छोटा चकचकीत तारा, मध्ये लालबुंद ठिपका. आणि प्रत्येक फुलावर मधाचा थेंब. बोटाला लावून चाटलासुद्धा, रागवू नका. लाइट आले तरी कुणी दिवा लावला नाही. ज्यांनी 'प्लास्टिकची वेल' नाव ठेवलं, तेच खुर्ची ओढून बसले होते.

फोटो टाकत नाही. कुंडी हलवायची नाही असं ठरलंय.

माती_आणि_मी
तो मध खाली ठिबकतो, खाली काही असेल तर सरकवा. मी शिकले ते गालिचा खराब करून.

वेलबुट्टी
पुस्तकं होती. आता चिकट पुस्तकं आहेत.

कातरवेळ
फुलं सुकली की एकेक आपोआप पडतील. ओढू नका. आणि कात्री कुठेतरी लांब ठेवा.

नुसती_वाचक
हे वाचून राहवलं नाही, माझं बदामी पान आज हलक्या हातानं उकरून पाहिलं. मुळं भरपूर, पांढरी, निरोगी. पेराचा पत्ता नाही. देठ गुळगुळीत कापलेला आहे.

परत लावलं. वेलबुट्टीताई, फुलं झाली की तुमच्या कार्नोसाचं दोन पेरांचं कटिंग मिळेल का? दांडा सोडून कुठलंही चालेल.